इंजिन वर येईना: टिल्ट मोटरच्या दुरुस्तीचा अनुभव

देवबागच्या खाडीत ओहोटीला बोट चालवायची तर एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हाताचा अंगठा टिल्टच्या, म्हणजे इंजिन वर-खाली करायच्या, बटणावर हवा. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळू एका जागी राहत नाही. आठवड्यापूर्वी जिथून बिनधास्त गेलो तिथे आज गुडघाभर पाणी असतं. पुढचं पाणी फिकं दिसलं की इंजिन थोडं वर घ्यायचं, पंखा वाळूत जाऊ द्यायचा नाही, खोल पाणी लागलं की परत खाली सोडायचं. त्यामुळे आमच्याकडे टिल्ट ही काही चैनीची गोष्ट नाही. ती नसेल तर ओहोटीच्या फेऱ्या बंद.

मे महिन्याच्या ऐन गर्दीत आमच्या फायबरच्या बोटीचं ६० हॉर्सपॉवरचं ओबीएम, म्हणजे मागे बाहेरून टांगलेलं आउटबोर्ड इंजिन, वर यायचं थांबलं. बटण दाबलं की काउलिंगखालून, म्हणजे इंजिनाच्या झाकणाखालून, ‘टक’ असा आवाज यायचा आणि पुढे काही नाही. खाली करायचं बटण दाबलं तरी तसाच टक. पर्यटक ताटकळलेले होते, त्यामुळे हंगाम संपेपर्यंत हातानेच काम भागवलं. इंजिन बोटीला धरणाऱ्या क्लॅम्प ब्रॅकेटच्या बाजूला एक भोक असतं, त्यातून मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून ऑइलचा दाब सोडणारा मॅन्युअल व्हॉल्व्ह सैल करायचा, दोघांनी मिळून इंजिन उचलायचं आणि टिल्ट सपोर्टचा खटका लावायचा. इंजिन खाली घेतल्यावर तो व्हॉल्व्ह पुन्हा आवळायचा. न आवळता रिव्हर्स मारला तर इंजिनाला खाली धरून ठेवणारं काहीच उरत नाही, पंखा पाण्याबाहेर उसळतो. पोहणारी माणसं आजूबाजूला असताना याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. बोटीवरच्या प्रत्येक पोराला मी हे करून दाखवलं होतं.

दरम्यान चौकशी केली. पहिला सल्ला मिळाला तो म्हणजे मोटर, पंप, सिलिंडर असं अख्खं युनिट बदला. किंमत लाखाच्या पुढे. दुसरा सल्ला नुसती मोटर नवी बसवा. दोन्ही सल्ले देणाऱ्यांपैकी कोणीही इंजिनाला हात लावून बघितलं नव्हतं, आणि हेच मला खटकलं. ओळखीतले एक काका ट्रॉलरची इंजिनं करतात. त्यांचा हात फक्त डिझेलवर चालतो, पण डोकं सगळीकडे चालतं. त्यांनी एवढंच विचारलं, “खोलून बघितलंस?” मी म्हटलं, “नाय काकानू, अजून नाय.” “मग? खोलल्याशिवाय काय्येक कळाचा नाय.”

पावसाळ्यात आमचं जलपर्यटन बंद असतं आणि यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद. बोट वर काढून झापांच्या खोपीत घेतली आणि कामाला लागलो.

या युनिटची रचना आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. वर एक १२ व्होल्टची डीसी मोटर, तिच्याखाली छोटा गिअर पंप, बाजूला ऑइलची टाकी. मोटर एका दिशेने फिरली की पंप सिलिंडरच्या एका बाजूला ऑइल दाबतो आणि इंजिन वर येतं, उलटी फिरली की खाली जातं. मोटरला फक्त दोन वायरी, एक आकाशी आणि एक फिकट हिरवी. बटणाच्या इशाऱ्यावर मोटरचा करंट जोडणारा स्विच म्हणजे रिले. बटण दाबलेलं नसताना तो या दोन्ही वायरी निगेटिव्हला धरून ठेवतो. वर करायचं बटण दाबलं की आकाशी वायर पॉझिटिव्हला जाते, खाली करायचं दाबलं की हिरवी. एवढाच खेळ. काही जुन्या स्टर्नड्राइव्ह बोटींमध्ये (इंजिन बोटीच्या आत, पंख्याचा भाग मागे बाहेर) ऑइलचा भागही नव्हता. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये ॲक्वामॅटिक ड्राइव्ह आणली, त्या घराण्यातल्या बऱ्याच जुन्या ड्राइव्ह इलेक्ट्रिक मोटर आणि वर्म गिअरवरच वर उचलल्या जातात. तिथेही मोटरच्या पोटातली भानगड हीच. म्हणून आउटबोर्ड नसलेल्यांनाही पुढचं कामाला येईल.

‘टक’ आवाज आला म्हणजे रिले चांगला, असं बरेच जण धरून चालतात. टक आवाजाने फक्त रिलेची कॉइल ओढतेय हे कळतं, आतले पॉइंट करंट पुढे देतायत की नाही हे कळत नाही. नुसता मीटर लावूनही फसायला होतं, कारण जळालेल्या पॉइंटमधूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि लोड आला की तोच आकडा कोसळतो. म्हणून मी मोटरचा प्लग सोडवून तिथे गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब लावला. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो. बटण दाबलं, बल्ब लख्ख पेटला. उलटं बटण दाबलं, तरी लख्ख. म्हणजे बॅटरी, फ्यूज, वायरी आणि रिले यांच्यावर संशय घ्यायला जागा फारशी उरली नाही.

मग प्लग परत जोडला आणि बटण दाबून धरून मोटरच्या वायरींवर व्होल्टेज बघितलं. बॅटरीवर जेवढं तेवढंच मोटरवर, इकडचं तिकडे नाही. ही मोटर इंजिन उचलताना ३०-४० अँपिअर सहज ओढते. जाम झालेली असती तर त्याहून जास्त ओढून व्होल्टेज खाली पाडलं असतं. इथे व्होल्टेज हललंच नाही, म्हणजे करंट आत शिरतच नव्हता. मोटरच्या आत सर्किट कुठेतरी तुटलेलं होतं, आणि अशा मोटरमध्ये तुटण्याची पहिली जागा म्हणजे कार्बन, फिरत्या भागाला घासत करंट देणारे तुकडे. बटण दाबलेलं ठेवून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या बॉडीवर अगदी हलकेच टिचकी मारल्यासारखं ठोकलं, तर ती क्षणभर गुरगुरली आणि परत गप्प. त्या गुरगुरण्याने मला केवढा धीर आला! आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, जिवंत होतं, कार्बन अडकले होते. मात्र इथे हातोडी घेऊन कोणी ठोकू नये. आत फेराइटचे मॅग्नेट असतात, ते काचेसारखे तडकतात.

मोटर काढायची तर इंजिन पूर्ण वर हवं. शंभर किलोच्या वरचं वजन डोक्यावर घेऊन आपण खाली वाकून काम करणार, त्यामुळे नुसत्या टिल्ट सपोर्टवर विश्वास ठेवला नाही. खटका लावलाच, शिवाय इंजिनाला वरच्या वाशाला दोरखंडाने बांधलं आणि खाली लाकडाचा टेकू दिला. बॅटरीची टोकं काढून ठेवली. ऑइलचं बूचही इंजिन पूर्ण वर असतानाच उघडायचं. इंजिन खाली असताना सिलिंडरमधलं ऑइल टाकीत उतरलेलं असतं, बूच सैल केलं की अंगावर येतं.

पाना लावायच्या आधी मोटर आणि पंपाच्या आजूबाजूची सगळी वाळू, मिठाचा थर, वाळलेली शेवाळं ब्रशने आणि डिझेलने साफ केली. याला बराच वेळ गेला, आणि तो वेळ मी कधीच वाचवणार नाही. मोटर उचलली की पंपाचं तोंड उघडं पडतं. आतले गिअर आणि बारीक व्हॉल्व्ह इतके नाजूक अंतरावर बसवलेले असतात की देवबागच्या वाळूचा एक कण तिथे गेला तर दुरुस्त करायला आणखी एक दुखणं तयार.

खरी कसोटी बोल्टांची होती. स्टीलचे बोल्ट, ॲल्युमिनियमची बॉडी आणि वर्षानुवर्षं खारं पाणी. दोन वेगळे धातू मिठाच्या पाण्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी बोल्टाच्या आट्यांत घट्ट बसते. बोल्टांवर पेनिट्रेटिंग ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी हॉट एअर गनने बोल्टाभोवतीचं ॲल्युमिनियम गरम केलं. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे पकड ढिली होते. मग आधी किंचित आवळण्याच्या दिशेने जोर दिला आणि नंतर सोडवण्याच्या. कडक असा आवाज करून एकेक बोल्ट सुटला. एक मात्र हटून बसला होता, त्याला पुन्हा ऑइल, पुन्हा गरमी असं करत दुपार झाली. आटे तुटले असते तर पूर्ण ब्रॅकेट खाली उतरवावं लागलं असतं, म्हणून इथे घाई न करणंच शहाणपणाचं.

मोटर सरळ वर उचलली. मोटर आणि पंप यांना जोडणारा एक छोटा तुकडा मध्ये असतो, तो मोटरबरोबर वर येतो किंवा पंपावरच राहतो. खाली ट्रे ठेवला होता म्हणून बरं, नाहीतर तो पडला की वाळूत शोधत बसा. पंपाच्या तोंडावर लगेच स्वच्छ प्लॅस्टिक बांधलं. चिंधी लावली नाही, तिचे धागे सुटतात. टाकीतलं ऑइल गडद लाल होतं, दुधी झालेलं नव्हतं. म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलेलं नव्हतं.

आता मोटर खोलायची. आधी बॉडी आणि बूड यांच्यावर टोकदार खिळ्याने आडवी जाणारी एक रेघ ओढली. ही रेघ फार महत्त्वाची. दोन मॅग्नेटच्या मोटरमध्ये वरची बॉडी अर्धी फिरवून बसवली तर उत्तर आणि दक्षिण ध्रुव अदलाबदल होतात, मोटर उलटी फिरते आणि वरचं बटण दाबल्यावर इंजिन खाली जातं. मग माणूस रिले आणि वायरींमध्ये चूक शोधत बसतो.

स्क्रू काढून बॉडी ओढताना आर्मेचरही तिच्याबरोबर निघायला बघतं, कारण मॅग्नेट त्याला सोडत नाहीत. शाफ्टला कापड गुंडाळून पक्कडीने धरलं आणि दुसऱ्याने बॉडी उपसली. आतून आधी तपकिरी पाणी आलं, मग ओल्या मेंदीसारखा गंजाचा चिखल.

माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा क्षण हाच आहे, आणि नेमका हाच क्षण मोटर बदलणारे लोक गमावतात. मोटरच्या पोटात काय सापडतं त्यावरून रोग कळतो. आत लाल ऑइल सापडलं तर पंपाच्या बाजूचं शाफ्टचं सील गेलेलं असतं. पाणी आणि गंज सापडला तर पाणी वरून किंवा जोडातून शिरलेलं असतं. दोन्ही सापडलं तर दोन्ही. आमच्यात ऑइलचा टिपूस नव्हता, नुसतं खारं पाणी. म्हणजे खालचं सील ठणठणीत होतं आणि शोधायची होती ती पाण्याची वाट. ती वाट बंद न करता नवी मोटर बसवली असती तर तिचंही पुढच्या वर्षी हेच झालं असतं.

वाट सापडली. वायरी जिथून आत जातात त्या रबराच्या बाजूला रंग फुगलेला होता. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला आणि खाली गंज. तो गंज रंगाखालून सरकत सरकत ओ-रिंग बसते त्या खाचेपर्यंत पोचला होता. ओ-रिंग स्वतः बरी दिसत होती, फक्त चपटी झालेली, पण ती ज्या पृष्ठभागावर टेकते तोच खड्डेखड्डे झालेला. कितीही नवी ओ-रिंग घातली तरी तिथून पाणी जाणारच.

कार्बन त्यांच्या खोबणीत गंजाने घट्ट धरले होते. स्प्रिंग त्यांना पुढे ढकलायचा प्रयत्न करत होती पण ते हलत नव्हते. झिजून निम्म्यावरही आलेले होते. कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग ज्याच्यावर कार्बन घासतात, तो हिरवा-काळा. आणि एक मॅग्नेट बॉडीपासून सुटलेला, केवळ स्वतःच्या ओढीने जागेवर चिकटलेला. मागे गंज धरला की चिकटवलेला थर उचलला जातो.

आर्मेचरची तपासणी आधी केली, कारण ते जळालं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मीटरचं एक टोक कम्युटेटरच्या एका पट्टीवर आणि दुसरं शेजारच्या पट्टीवर, असं गोल फिरत सगळीकडे जोड मिळतो का ते पाहिलं. मग एक टोक पट्टीवर आणि दुसरं लोखंडी गाभ्यावर. तिथे जोड मिळायला नको. मिळाला नाही. जीव भांड्यात पडला.

कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ केला. एमरी कापड वापरलं नाही, त्याचे कण तांब्यात रुतून बसतात आणि पट्ट्यांमध्ये शॉर्ट करू शकतात. तांबं झिजल्यामुळे पट्ट्यांमधला अभ्रक वर आला होता. करवतीच्या पात्याचा तुकडा बाजूंनी घासून पातळ केला आणि एकेका खाचेतून ओढत अभ्रक तांब्याच्या खाली नेला. शेवटी जुना टूथब्रश फिरवून भुकटी काढली. हे काम उजेडात, पाटावर बसून, कोणी बोलायला नसताना करावं.

कार्बनसाठी कुडाळला ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. दुकानदाराने आकार बघून मिक्सरच्या मोटरचे कार्बन पुढे केले. आकार जवळपास तोच, पण ते नकोत. मिक्सर २३० व्होल्टवर थोडा करंट घेतो, त्याचे कार्बन तांबं नसलेले, काळे. आपल्याला १२ व्होल्टवर भरपूर करंट न्यायचाय, त्यासाठी तांबं मिसळलेले, घासल्यावर तांबूस चमक दिसणारे कार्बन लागतात. स्टार्टर मोटरच्या कार्बनांमध्ये तसे मिळाले, थोडे मोठे. घरी कानशीने घासून खोबणीत सहज सरकतील एवढे केले. घट्टही नकोत आणि खुळखुळतेही नकोत.

त्यांची वेणीची तार प्लेटला सोल्डर करताना एक काळजी घेतली. वितळलेलं शिसं तारेच्या धाग्यांतून वर चढतं आणि तार काडीसारखी ताठ होते. ताठ तार कार्बनला पुढे सरकू देत नाही, म्हणजे पुन्हा मूळ पदावर. म्हणून डाग द्यायच्या जागेच्या लगेच वर तार पक्कडीने दाबून धरली, पक्कड उष्णता खाते आणि शिसं तिथेच थांबतं. नंतर कम्युटेटरवर पॉलिश पेपर खरबरीत बाजू बाहेर करून गुंडाळला आणि कार्बन त्यावर टेकवून आर्मेचर हाताने फिरवलं, त्यामुळे कार्बनांच्या तोंडाला बरोबर गोलाई आली. प्लेटवर उष्णतेने उघडणारा एक पत्रीचा कटआउट होता, त्याचे पॉइंटही साफ केले.

बॉडी आरपार सडली नाही ना, हे बघायला दोन्ही मॅग्नेट खूण करून काढले, बॉडीत रॉकेल भरलं, वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवली. सकाळी कागद कोरडा. पाण्यापेक्षा रॉकेल बारीक भेगेतून लवकर पाझरतं, त्यामुळे ही परीक्षा खात्रीची. मग वायरब्रशने गंज काढला, रस्ट कन्व्हर्टर लावला, ओ-रिंगच्या जागेचे खड्डे धातूच्या पुटीने भरून सपाट घासले. इपॉक्सी प्रायमरचे थर दिले आणि वर रंग. मॅग्नेट सावकाश सुकणाऱ्या ॲराल्डाइटने, आधीच्याच खुणेवर आणि आधीच्याच तोंडाने बसवले. झटपट सुकणारा प्रकार इथे टिकत नाही. पावसाळी हवेत ॲराल्डाइट सुकायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, त्याला तेवढा दिला.

ओ-रिंग नायट्राइल रबराची, जाडी नीट मोजून घेतली. जुनी चपटी झालेली असते, तिचं माप घेतलं तर फसाल, खाचेचं माप घ्या. वायरींच्या रबराभोवती गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवली आणि वरून मरीन ग्रीस थापलं.

बसवताना कार्बन मागे धरून ठेवायला पातळ तारेचे आकडे केले, आर्मेचर आत गेल्यावर ओढून काढले. पंपाची जाळी धुतली, जोड-तुकड्याची जीभ खाचेत आहे ना ते हाताने चाचपलं. ती बसली नसेल आणि बोल्ट आवळले तर काहीतरी तुटतंच. बोल्टांच्या आट्यांना ग्रीस लावून आलटून पालटून आवळले. टाकी लाल एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या) ऑइलने तोंडापर्यंत भरली.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मोटर झपकन फिरली, इंजिन मात्र झटके देत हललं. सिलिंडरमध्ये हवा होती. पूर्ण वर, पूर्ण खाली, पुन्हा वर, बूच उघडून ऑइल भरायचं, पुन्हा तेच, असं करत गेलो. हळूहळू झटके थांबले आणि आवाज एकसारखा झाला. मग इंजिन अर्ध्यावर वर ठेवून रात्रभर सोडलं आणि ब्रॅकेटवर खडूने खूण केली. सकाळी खूण तिथल्या तिथे होती, म्हणजे व्हॉल्व्ह आणि सील दाब धरून होते. काका येऊन बघून गेले, त्यांनीही दोनदा वर-खाली करून घेतलं आणि ब्रॅकेटखालचा झिंकचा तुकडा दाखवून म्हणाले, “ह्येका रंग लावू नको हां.” बरोबरच होतं. तो तुकडा आपण झिजून बाकीचं ॲल्युमिनियम वाचवतो, रंगाखाली झाकला की त्याचा उपयोग शून्य. नवा बसवला, कोरा ठेवला.

सप्टेंबरपासून बोट परत खाडीत आहे. संध्याकाळी शेवटची फेरी झाली की इंजिन वर घेऊन युनिटवर गोडं पाणी मारतो आणि वायरींच्या रबरापाशी हाताचं बोट फिरवून रंग फुगला नाही ना ते बघतो. शेजारच्या बोटवाल्याची मोटर परवा माझ्याकडे आली. तीही टक करून थांबते म्हणाला. खोलली तर आत पाण्याचा थेंब नाही, सगळं लाल ऑइल, कार्बन त्यात भिजून चिकट झालेले. त्याचं शाफ्टचं सील गेलंय. मॅग्नेट आणि आर्मेचर शाबूत आहेत, सील गोव्याहून मागवलंय.